वानरांचं जंगल राखायचं, तर त्याला सरकायला वाट हवी

सोलापुरात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "हवामानबदलामुळे संकटात आलेल्या माकड-वानरांचा अधिवास वाचवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? जंगल राखीव केलं, तोड थांबवली, की काम झालं ना? आणि आपल्या जिल्ह्यात धड जंगलच नाही, तर इथं बसून या विषयात काही करता येतं का?"

मी मूळचा सोलापूरचाच. नोकरीची बहुतेक वर्षं सह्याद्रीच्या दक्षिण अंगाला गेली, रोपवाटिकेत आणि वानरांच्या नोंदी ठेवण्यात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तोड थांबवली की काम होतं, असं आम्हीही बरीच वर्षं धरून चाललो होतो, सगळं क्षेत्रच तसं मानत होतं. मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात लोपे नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. गोरिला, चिंपांझी, मँड्रिल तिथं राहतात. १९८६ पासून तिथं एक साधं काम नेमानं चालू आहे. दर महिन्याला ठरलेल्या झाडांखाली जायचं, दुर्बिणीनं वर बघायचं, फूल आहे का, फळ आहे का, पिकलंय का, हे वहीत लिहायचं. २०१८ पर्यंतच्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा कळलं की पिकलेलं फळ सापडण्याची शक्यता ८१ टक्क्यांनी घटली आहे. झाडं जागेवर होती, पण फळ धरत नव्हती. तिथल्या काही झाडांना फुलायला कोरड्या हंगामातली गार रात्र लागते, पारा १९ अंशांखाली उतरावा लागतो, असं अभ्यासकांनी फार आधीच सुचवलं होतं, आणि दरम्यानच्या काळात तिथल्या रात्री तापत गेल्या. त्या जंगलातले हत्तीसुद्धा हाडकले. म्हणजे कागदावर जंगल शंभर टक्के शाबूत, आणि आतल्या जनावराचं ताट रिकामं.

पाला खाणाऱ्यांचंही तसंच. युगांडातल्या किबाले जंगलात जुन्या आणि नव्या पानांची तपासणी करून पाहिली, तर त्याच जातीच्या झाडांच्या पानांत प्रथिनं कमी आणि चोथा जास्त झालेला आढळला. पोट भरायला जास्त पाला खायचा आणि तो पचवायला जास्त वेळ बसून राहायचं, अशी त्या वानरांची कोंडी होते.

हा वेळेचा हिशोब नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वानराला दिवसाचे बारा-तेरा तास मिळतात. त्यात खाणं, फिरणं, विश्रांती, आणि एकमेकांच्या अंगातल्या उवा-किडे वेचत बसणं. हे वेचणं म्हणजे रिकामपण समजू नका, कळप एकत्र धरून ठेवणारा व्यवहार तोच आहे. ऊन वाढलं की दुपारचे दोन-तीन तास सक्तीनं सावलीत बसावं लागतं. तो वेळ खाण्याच्या किंवा वेचण्याच्या वाट्यातून जातो. फळ कमी म्हणून लांब फिरावं लागत असेल, तर ओढाताण आणखी वाढते. मग कळप लहान होतात, फुटतात, माद्यांना पिल्लं उशिरा होतात. एकही जनावर मेलेलं दिसत नाही, पण पंधरा-वीस वर्षांत कळप संपतो.

कधी कधी मात्र डोळ्यांदेखत मरतात. मे २०२४ मध्ये मेक्सिकोतल्या ताबास्को राज्यात उष्णतेची लाट आली तेव्हा हाउलर माकडं झाडांवरून टपाटपा खाली पडली. शंभराहून अधिक मेली. गावकऱ्यांनी बादल्यांत पाणी आणि फळं ठेवली, काहींना उचलून डॉक्टरांकडे नेलं. पारा तेव्हा ४५ अंशांच्या आसपास होता. आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ हे नवं नाही, त्यामुळे सोलापूरच्या माणसाला त्या दुपारची कल्पना करायला फार कष्ट पडू नयेत. तिथं जंगल तुटून तुकडे झालेले, भोवती कुरणं आणि शेती, दुष्काळानं ओढे आटलेले. मोठ्या सलग जंगलात ही माकडं खाली ओलाव्याला, दाट सावलीला सरकली असती. इथं सरकायला जागाच उरली नव्हती.

माझं सगळं म्हणणं याच शब्दाभोवती आहे: सरकणं. पूर्वी आम्ही वानर कुठं आहे ते पाहून तिथं हद्द आखायचो. आता ते उद्या कुठं जाईल, कुठून जाईल, आणि दुपारी बारा वाजता कुठं बसेल, हेही आखायला हवं.

उदाहरण आपल्या शेजारचंच घेऊ. सिंहपुच्छ माकड फक्त सह्याद्रीत आढळतं, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू या तीन राज्यांत. काळं अंग, तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीला गोंडा. जगात जेमतेम ४,००० उरली असावीत. मादीला पहिलं पिल्लू साधारण सहा वर्षांची झाल्यावर होतं आणि दोन पिल्लांत अडीच-तीन वर्षं जातात, त्यामुळे एका वाईट हंगामात झालेलं नुकसान भरून यायला फार काळ लागतो. केरळातली सायलेंट व्हॅली या माकडामुळेच घराघरात पोचली. तिथला धरण प्रकल्प रद्द होऊन नोव्हेंबर १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. ती लढाई पाण्याखाली जाणाऱ्या जंगलाची होती, शत्रू समोर दिसत होता. आताची अडचण तशी दिसत नाही.

डोंगर चढताना दर १०० मीटरला हवा साधारण ०.६ अंशानं गार होते. म्हणजे तापमान २ अंशांनी वाढलं, तर तोच गारवा मिळवायला सुमारे ३०० मीटर वर जावं लागेल. अनामलाईच्या डोंगरांत वर जायला जागा आहे, उंची २,००० मीटरच्या पलीकडे जाते. पण वर गेल्यावर झाडं बदलतात. तिथल्या सिंहपुच्छ माकडांचा मोठा आधार म्हणजे कुलेनिया, दुरियनच्या गोतातलं उंच झाड, ज्याला खोडा-फांद्यांवरच फुलं-फळं लागतात. बाकी फळं नसतात त्या दिवसांत हे झाड कळप पोसतं. माकड आठवड्याभरात वर जाईल, कुलेनियाला तिथं जाऊन फळायला पन्नास वर्षं लागतील. आणि शिखरांवरचं शोला-गवताळ रान, म्हणजे घळींतली बुटकी सदाहरित झाडी आणि भोवतीचं गवत, हे वेगळंच घर आहे, माकडांसाठी म्हणून तिथं झाडं लावत सुटलो तर दुसऱ्या कोणाचा तरी संसार मोडेल.

आता उत्तरेकडचं टोक बघा. उत्तर कन्नड जिल्ह्यात शिरसी-होन्नावर पट्ट्यात या माकडाची सर्वांत उत्तरेकडची मोठी वस्ती आहे. सोलापूरहून विजापूर, हुबळी करत एका दिवसात तिथं पोचता येतं. सकाळी आपण ज्वारीच्या रानातून निघतो, वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखातून, आणि संध्याकाळी त्याच्या चौपट-पाचपट पावसाच्या अंधाऱ्या जंगलात असतो. पण तिथला घाट बुटका आहे, ५००-६०० मीटरचा. वर सरकायला डोंगरच नाही. कुलेनियाही नाही. म्हणून त्या माकडांना आसरा द्यायचा तर तो आडवा, ओढ्या-दऱ्यांच्या काठानं. दरीच्या पोटात पाणी बारमाही असतं, दोन्ही काठांची झाडं वर एकमेकांत गुंतलेली असतात, आणि उघड्यावर होरपळत असताना आत गारवा असतो. तिथली रानजायफळाची पाणथळ जंगलं तर अमोल आहेत, गुडघाभर चिखलात उभी राहून मुळं वर काढलेली झाडं. मला कोणी एकच गोष्ट वाचवायला सांगितली, तर मी सरसकट हद्द मागणार नाही, या ओल्या दऱ्या आणि त्यांना जोडणारे झाडांचे पट्टे मागेन. २०११ मध्ये कर्नाटकानं अघनाशिनी सिंहपुच्छ माकड संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं, जवळपास ३०० चौरस किलोमीटरचं. संवर्धन राखीव हा प्रकार चांगला, कारण त्यात आतल्या गावांचे हक्क झटक्यात गोठवले जात नाहीत.

तो मुद्दा का महत्त्वाचा, ते एका झाडावरून सांगतो. त्या भागात उप्पगे नावाचं झाड आहे, आपल्या कोकमाचा भाऊबंद. त्याच्या फळाची साल वाळवून विकतात, पावसाळ्यात घरात तोच पैसा येतो. ती वाळवायची कुठं? बाहेर तर धो-धो पाऊस. म्हणून भट्टीवर, आणि भट्टीला लाकूड जंगलातलंच. वर त्याच फळावर माकडाचाही डोळा. फळ लवकर हाती यावं म्हणून कोणी अर्धकच्चं तोडतो, कोणी फांदीच उतरवतो. इथं वनरक्षकानं काठी घेऊन उभं राहणं हा उपाय होऊच शकत नाही. कमी लाकडात साल वाळवणारी सुधारित भट्टी, फळ पिकून पडेपर्यंत थांबायचं असा गावानं गावाशी केलेला ठराव, आणि चांगल्या मालाला चांगला भाव, यानं झाड वाचतं. उद्या पाऊस लहरी झाला आणि फळ निम्म्यावर आलं, तर माणूस आणि माकड दोघंही त्याच निम्म्यासाठी भांडणार आहेत. त्याची तयारी आज करायला हवी, आणि ती त्या घरातल्या बाईशी बोलूनच होते.

जंगल तुटलेलं असेल तर जोडायचं कसं, याबद्दल दोन ठिकाणचं काम तुम्ही मुळातून वाचाच. तमिळनाडूत वाल्पाराईच्या पठारावर चहा-कॉफीच्या मळ्यांत जंगलाचे तुकडे अडकले आहेत. तिथं नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था मळेवाल्यांना सोबत घेऊन वीसेक वर्षांहून अधिक काळ हे तुकडे सावरते आहे. घाणेरी उपटायची, स्थानिक जातींची मिश्र रोपं लावायची, आणि पहिली काही वर्षं तण काढत राहायचं. नुसतं मोकळं सोडलेल्या तुकड्यांपेक्षा असे लावलेले तुकडे सात ते पंधरा वर्षांत स्पष्टपणे पुढं गेले, सावलीतही आणि झाडांच्या विविधतेतही. रस्त्यावर माकडं गाडीखाली जात होती तिथं झाडांमधून झुलते पूल बांधले.

ही रोपवाटिका चालवणं वाटतं तितकं सोपं नाही. सदाहरित जंगलातल्या बऱ्याच बिया वाळवून बरणीत ठेवता येत नाहीत, आठ-पंधरा दिवसांत त्यांचा जीव जातो. जांभळाचं बी आपल्याकडंही तसंच वागतं. बी पडलं की त्याच आठवड्यात पिशवीत, सावलीत, ओलसर पालापाचोळ्यात. कुठलं झाड कधी बी टाकतं याचं वेळापत्रक पाठ असलेला माणूस त्या रोपवाटिकेचा खरा मालक असतो, आणि हल्ली तेच वेळापत्रक मागं-पुढं व्हायला लागलंय. मोठ्या लागवडीच्या योजनांत हा माणूस नसतो. म्हणून तिथं अकेशिया आणि निलगिरी लागते, वरून हिरवी दिसते, आकड्यांत कार्बनही भरतो, पण त्यात माकडाला खायला एक फळ नसतं.

दुसरं ठिकाण चीनचं हाइनान बेट. हाइनान गिबन हा जगातला सर्वांत दुर्मिळ एप, म्हणजे बिनशेपटीचं वानर, सगळे मिळून चाळीसच्या आसपास, एकाच डोंगराच्या जंगलात. २०१४ मध्ये मोठं चक्रीवादळ आलं, दरड कोसळली आणि त्यांच्या रोजच्या वाटेवरची झाडं गेली. मध्ये पंधराएक मीटरची फट पडली. गिबन जमिनीवर उतरत नाहीत, ते जिवावर उदार होऊन उड्या मारू लागले. डिसेंबर २०१५ मध्ये तिथं गिर्यारोहणाचे दोन दोर आडवे बांधले. गिबननी त्याला हात लावायला १७६ दिवस लावले. सहा महिने कॅमेऱ्यात नुसता दोर दिसत होता, आणि तरीही त्या मंडळींनी तो काढला नाही, याचं मला फार मोल वाटतं. नंतर माद्या आणि पिल्लं त्यावरून ये-जा करू लागली. खाली झाडंही लावली, कारण दोर हा तात्पुरता. आसामात जोरहाटजवळ होलोंगापार अभयारण्यात आपल्या हुलॉक गिबनचं दुखणं जवळपास हेच, जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं जंगल आणि त्यातून गेलेला रेल्वेमार्ग. तिथंही रुळांवरून झाडांचा मांडव पुन्हा जुळवणं हेच खरं काम आहे.

रोगांबद्दल थोडक्यात. माकडताप आपल्या सिंधुदुर्गात २०१६ पासून लोकांना ठाऊक झाला. गोचिडीतून येतो, माकडं मरतात, माणसंही. ब्राझीलमध्ये पिवळ्या तापानं सोनेरी टॅमरिन या चिमुकल्या माकडांची संख्या ३,७०० वरून २,५०० वर आणली, मग जंगलात लसीकरण करावं लागलं, आणि २०२३ च्या मोजणीत ती ४,८०० वर गेली. तुकडे जोडल्यानं रोगही पसरतो, हा आक्षेप खरा आहे. तरी मी जोडण्याच्याच बाजूचा आहे, कारण तुटक तुकड्यात अडकलेला कळप रोगानं नाही तर उन्हानं, उन्हानं नाही तर उपासानं जाणारच आहे. जोडा, आणि सोबत मेलेल्या माकडाची खबर चोवीस तासांत पोचेल अशी व्यवस्था ठेवा.

आता सोलापूर. आपल्याकडं जंगल नाही म्हणता, पण अधिवास हद्दीत कोंडण्याचा धडा सगळ्यात कडक शब्दांत आपल्यालाच मिळालाय. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं, तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. शेतं, गावं, सगळं त्यात. जमिनीचे व्यवहार अडले, लोकांच्या मनात पक्ष्याविषयी राग बसला. पुढं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. दरम्यान माळावर गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली, भोवती पिकं बदलली, आणि आज तिथं माळढोक दिसणं ही पेपरात येण्याजोगी गोष्ट झाली आहे. वानरांसाठी झाडं लावा म्हणणारा मीच तुम्हाला सांगतो, नान्नजच्या माळावर झाड लावू नका. जनावराचं घर कोणतं, ते आधी ओळखायचं.

आणि वानरं आपल्याकडं आहेतच. लाल तोंडाचं माकड इतकं रोजचं की त्याच्याकडं कोणी बघत नाही, पण भारताच्या दक्षिण द्वीपकल्पाबाहेर कुठंही नसलेली ही जात आता जागतिक लाल यादीत असुरक्षित गटात गेली आहे. उत्तरेचं ऱ्हिसस माकड दक्षिणेकडं सरकतंय आणि याची जागा घेतंय. रस्ते रुंद करताना काठचे जुने वड-उंबर गेले, त्याबरोबर यांचं घर गेलं. शिवाय कोरड्या प्रदेशात संवर्धन होतच नाही, असं नाही. तमिळनाडूनं २०२२ मध्ये करूर आणि दिंडिगुल जिल्ह्यांत कडवूर इथं लोरिससाठी ११,८०६ हेक्टरांचं अभयारण्य जाहीर केलं. लोरिस हा मोठ्या डोळ्यांचा निशाचर, वानरांच्याच गणातला, आणि तिथलं रान बाभळी-बोरीचं, काटेरी, आपल्याला ओळखीचं वाटेल असं.

तुमच्या प्रबंधासाठी मी एक जागा सुचवतो, येडशीजवळचं रामलिंग. घाटाच्या पोटात देऊळ, ओढा, भोवती सुकं पानझडीचं जंगल, आणि भरपूर माकडं. एप्रिल-मेमध्ये पहाटेपासून अंधार पडेपर्यंत एका कळपाबरोबर राहा. दर दहा मिनिटांनी दिसेल त्या प्रत्येकाची नोंद: खातंय, फिरतंय, बसलंय, की दुसऱ्याला वेचतंय, उन्हात की सावलीत, कुठल्या झाडावर. एक थर्मामीटर ओढ्याच्या तळाशी सावलीत, दुसरा वर माळावर सावलीत, दोन्हीची नोंद दर तासाला. भाविकांनी दिलेलं खाणं वेगळ्या रकान्यात, नाहीतर सगळा हिशोब चुकेल. पावसाळ्यानंतर हेच पुन्हा करा. दुपारी कळप कुठल्या चार-पाच झाडांखाली जाऊन बसतो ते तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळेल. त्या झाडांची नावं, घेर, पाण्यापासूनचं अंतर लिहून नकाशावर टाका. वाढत्या उन्हात वानराचा आसरा कोणता, याचा असा हातानं मोजलेला नकाशा वनविभागाला आणि ग्रामपंचायतीला दाखवता येतो, आणि पुढचा पाणवठा कुठं करायचा, कुठलं झाड रस्त्यासाठी तोडायचं नाही, हे त्यावरून ठरू शकतं. माकडांना खायला देऊ नका, जवळ जाऊ नका, सर्दी-तापात तर मुळीच जाऊ नका, आपले आजार त्यांना लागतात.

पुढं याच वाटेनं जायचं असेल तर देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला (एनसीबीएस) वन्यजीव अभ्यासक्रम, या दोन्हींची माहिती आत्ताच काढा. घरी किंवा गल्लीत कन्नड बोलली जात असेल तर ती पक्की करा. सोलापूरच्या मुलांना दोन-तीन भाषा कानावर असतात, त्याचा शिरसीत केवढा उपयोग होतो ते मी अनुभवलंय. यंदा उप्पगे कमी आलं का, आजीच्या काळी कधी पिकायचं, हे दुभाष्यामार्फत विचारलं की उत्तर एका वाक्यात येतं, आणि त्यांच्या भाषेत विचारलं की माणूस तुम्हाला झाडापाशी घेऊन जातो. रामलिंगच्या परवानगीचा अर्ज मात्र जानेवारीतच वनविभागाकडं द्या, विभागप्रमुखांचं पत्र जोडून. मार्च उजाडला की वणव्याच्या धावपळीत तुमच्या कागदाकडं बघायला कोणाला सवड नसते.